शब्द दिला तो शेवटच्या वर्षापर्यंत: स्थानिक मुलांच्या शिक्षणासाठीचे खासगी फाउंडेशन कसे चालवावे

एखादे कुटुंब किंवा एखादा उद्योजक आपल्या भागातल्या मुलांच्या शिक्षणासाठी निधी बाजूला काढतो, फाउंडेशन उभे राहते आणि एक दिवस त्याची धुरा तुमच्या हाती येते. भेटेल तो म्हणतो, ‘छान काम आहे, चांगल्या कामाला पैसे तर वाटायचे आहेत.’ वाटण्याचे काम सोपे वाटते, म्हणूनच ते बिघडते.

या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. फाउंडेशन कमी पैसे देते म्हणून मुलांचे जेवढे नुकसान होते, त्याहून जास्त नुकसान ते मध्येच हात काढून घेते तेव्हा होते. पहिल्या वर्षाची फी भरली, मुलगी घर सोडून वसतिगृहात आली, हातातली छोटी नोकरी सोडली, घरच्यांनी उरलेल्या खर्चासाठी उसनवारी केली आणि दुसऱ्या वर्षी पत्र आले, ‘यंदा निधीअभावी शक्य नाही.’ ती मुलगी मदत मिळण्याआधी होती त्यापेक्षा वाईट जागी येऊन उभी राहते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मी एकाच प्रश्नाला धरून मांडली आहे: आज आपण दिलेला शब्द त्या मुलाच्या शेवटच्या वर्षापर्यंत टिकेल का?

पायरी 1: आधी कागद वाचा

पहिले दोन आठवडे कुठेही भाषण करू नका, कुणाला होकार देऊ नका. न्यासपत्र (फाउंडेशन ज्या मूळ दस्तऐवजाने उभे राहिले तो), संस्थापकांचे मृत्युपत्र असल्यास ते, गेल्या पाच वर्षांची इतिवृत्ते, ऑडिट झालेले हिशेब आणि गुंतवणुकीचे तपशील घेऊन बसा. न्यासपत्रातले तीन शब्द अधोरेखित करा: ‘स्थानिक’, ‘युवक’ आणि ‘शिक्षण’. बहुतेक वाद पुढे या तीन शब्दांवरूनच होतात. स्थानिक म्हणजे इथे जन्मलेला, इथे राहणारा, की इथल्या शाळेत शिकलेला? कामासाठी स्थलांतर करून आलेल्या कुटुंबातला, तीन वर्षे इथल्या शाळेत असलेला मुलगा त्यात बसतो का? शिक्षणात पदवीच येते, की वेल्डिंगचा किंवा नर्सिंगचा अभ्यासक्रमही येतो? न्यासपत्र गप्प असेल तर विश्वस्त मंडळाने ठराव करून अर्थ लिहून ठेवावा. समोर अर्जदार उभा असताना व्याख्या ठरवायला घेतली की ती त्या अर्जदाराच्या सोयीची किंवा गैरसोयीची होते.

‘खासगी’ या शब्दाबद्दलही मन स्वच्छ हवे. पैसा खासगी हातातून आला, एवढाच त्याचा अर्थ. भारतात 1882 चा न्यास कायदा खासगी न्यासांना, म्हणजे ठरावीक व्यक्तींच्या किंवा कुटुंबाच्या हितासाठी केलेल्या न्यासांना लागू होतो. समाजातल्या मुलांसाठी काम करणारा न्यास सार्वजनिक ठरतो आणि महाराष्ट्रात त्याला 1950 चा सार्वजनिक न्यास कायदा लागतो. विश्वस्त बदलला की बदल अहवाल 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, तो याच कायद्याखाली. अमेरिकेत खासगी फाउंडेशनचे वार्षिक विवरण कुणालाही पाहता येते. देश कोणताही असो, करसवलत घेतली त्या दिवसापासून हा पैसा घरचा राहत नाही.

एक गोष्ट कागदावर नसते, ती खोदून काढावी लागते: आधीच्या प्रमुखांनी तोंडी दिलेली आश्वासने. प्रत्येक विश्वस्ताला आणि कार्यालयातल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला वेगवेगळे भेटा आणि थेट विचारा, ‘कुणाला काही कबूल केले आहे का?’ ही यादी हाती येईपर्यंत तिजोरीत किती आहे हे तुम्हाला कळलेले नाही असेच समजा.

पायरी 2: तीन महिने फक्त ऐका

या काळात नवी योजना जाहीर करू नका. मुख्याध्यापकांना भेटालच, पण त्यांच्यावर थांबू नका. वर्गशिक्षकांना भेटा, फी भरण्याच्या खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला भेटा. कोणत्या महिन्यात कोण हप्ते मागायला येते, कोण दाखला काढून नेते, हे त्याला तोंडपाठ असते. आणि शिक्षण सोडलेल्या किमान दहा मुलामुलींना भेटा. ‘का सोडले’ असे विचारले की ‘पैसे नव्हते’ हे उत्तर मिळते, आणि ते अर्धेच असते. त्याऐवजी ‘शेवटचा महिना कसा गेला ते सांग’ असे म्हणा. मग कळते की फी भरलेली होती, पण बस सकाळी सातला निघून जायची आणि धाकट्या भावाला शाळेत सोडणारे दुसरे कुणी नव्हते.

घोडे नेमके कुठे अडते आहे हे ओळखणे, नेतृत्वाचे सगळ्यात मोलाचे काम ते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना ते अचूक कळले होते. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहायचे आणि जेवायचे कुठे, हा खरा अडसर होता. म्हणून 1901 पासून त्यांनी एकामागून एक वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहू दिली, त्यांना जागा आणि उत्पन्न दिले. नुसती फी माफ करून ती मुले शहरात टिकली नसती.

उलट दिशेनेही विचार करावा लागतो. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी 2005 पासून ‘असर’ या नावाने होते आहे. पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा सलग वाचता येत नाही, हे तिच्यात वर्षानुवर्षे दिसत आले आहे. तुमच्या भागात हीच अवस्था असेल तर बारावीनंतरची शिष्यवृत्ती कितीही मोठी ठेवा, तिच्यापर्यंत पोचणारी मुले मोजकीच असणार. अशा ठिकाणी निधीचा मोठा वाटा चौथी-पाचवीच्या वाचनवर्गांवर खर्च करणे शहाणपणाचे. त्याचे फोटो चांगले येत नाहीत, धनादेश देतानाचा समारंभ होत नाही, म्हणून मंडळाला ते पटवायला वेळ लागतो. तो वेळ द्या.

पायरी 3: शब्दांचे गणित मांडा

संपूर्ण लेखातली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि बहुतेक फाउंडेशन इथेच चुकतात.

समजा, कॉर्पसला, म्हणजे मूळ ठेवीला, हात न लावता, महागाईचा वाटा बाजूला ठेवून आणि कार्यालयाचा खर्च वजा करून तुमच्याकडे दरवर्षी 40 वाटे खर्चायला उरतात. एका विद्यार्थ्याचा एका वर्षाचा खर्च म्हणजे एक वाटा. अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिल्या वर्षी उत्साहात 40 विद्यार्थी निवडले की पुढची तीन वर्षे एकही नवा विद्यार्थी घेता येत नाही. घेतला, तर आधीच्या कुणाचा तरी हात सोडावा लागतो. दरवर्षी 10 घेतले तर चौथ्या वर्षी बरोबर 40 होतात, पण मग फी वाढली, कुणाचे एक वर्ष आजारपणात गेले, व्याजदर घसरला की गणित कोसळते. म्हणून मी दरवर्षी 8 च घ्यायला सांगते. चौथ्या वर्षापासून 32 वाटे दिलेल्या शब्दांचे आणि 8 वाटे अडीअडचणीसाठी.

खरी कसोटी पहिल्या तीन वर्षांत लागते. पहिल्या वर्षी 32 वाटे मोकळे दिसतात, दुसऱ्या वर्षी 24, तिसऱ्या वर्षी 16. मंडळात कुणीतरी म्हणतेच, ‘पैसे पडून आहेत आणि आपण मुलांना नाही म्हणतोय!’ हा प्रश्न चांगल्या मनातून येतो, त्याला चिडून उत्तर देऊ नये. हेच आकडे तक्त्यात मांडून भिंतीवर लावावेत आणि दाखवावे की हे वाटे मोकळे नाहीत, पुढच्या मुलांना आपण ते आधीच देऊन बसलो आहोत. ज्या खर्चाला पुढच्या वर्षीचे बंधन नाही अशा गोष्टी या काळात करा: शाळेला प्रयोगशाळेचे साहित्य, वाचनालयाला पुस्तके, तातडीच्या मदतीचा वेगळा फंड.

कायदाही इथे आड येतो किंवा साथ देतो. भारतात करसवलत टिकवायची तर धर्मादाय न्यासाला वर्षाच्या उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग उद्दिष्टांवर लावावा लागतो. विशिष्ट कारणासाठी रक्कम साठवायची असेल तर कारण लिहून, वेळेत विहित अर्ज भरून ती पाच वर्षांपर्यंत राखता येते. चार वर्षांच्या शिष्यवृत्तीची तरतूद हे असेच एक कारण. त्याचा ठराव मार्च संपत आल्यावर धावपळीत करू नका, वर्षाच्या मध्यातच सनदी लेखापालांबरोबर बसून करा. अमेरिकेत 1969 च्या कर सुधारणा कायद्याने खासगी फाउंडेशनांना दरवर्षी ठरावीक रक्कम वाटायला भाग पाडले. आज ती गुंतवणुकीच्या मूल्याच्या साधारण 5 टक्के आहे. बाजार पडला तर आकडाही खाली येतो, पण मुलांना दिलेली वचने खाली येत नाहीत, म्हणून तिथेही राखीव तरतूद लागतेच.

या गणितातून निघालेला एक नियम न्यासपत्राइतक्याच गांभीर्याने पाळावा: नवी निवड करण्याआधी चालू विद्यार्थ्यांचे उरलेले सगळे वर्ष-खर्च बाजूला काढलेले असावेत. याला अपवाद नाही. अध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्तही नाही.

पायरी 4: मंडळ नीट बसवा

खासगी फाउंडेशनच्या मंडळात कुटुंबातली माणसे असणारच, आणि त्यांची आस्था खरी असते. अडचण येते ती भिडेमुळे. बैठकीत एक विश्वस्त सहज म्हणतात, ‘आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा आहे, हुशार आहे, त्याचे बघा जरा.’ खोलीत कुणी बोलत नाही. त्या क्षणी प्रमुखाने काय बोलायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. मी असे म्हणत आले आहे: ‘जरूर, त्याला अर्ज पाठवू. तुम्ही त्याला ओळखता, त्यामुळे या वर्षीच्या निवडीत तुम्ही बाहेर बसाल, तशी नोंद घेते.’ आवाज न चढवता, हसून, पण इतिवृत्तात नोंद करून. दोनतीनदा असे झाले की वशिल्याची चिठ्ठी येणे आपोआप थांबते. आणि त्या मुलाचेही भले होते. निवडला गेला तर तो मान वर करून येतो.

हितसंबंध जाहीर करण्याचा एक पानी कागद प्रत्येक विश्वस्ताकडून दरवर्षी सही करून घ्या. अमेरिकेत फाउंडेशन आणि त्याचे संस्थापक-विश्वस्त किंवा त्यांचे जवळचे नातलग यांच्यातले जवळपास सगळे आर्थिक व्यवहार निषिद्ध आहेत. भारतातही विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांना लाभ दिला की करसवलत धोक्यात येते.

मंडळात किमान दोन जागा बाहेरच्यांसाठी ठेवा: एक शिक्षणातले अनुभवी माणूस आणि एक, तुमच्याच मदतीने शिकून बाहेर पडलेला माजी विद्यार्थी. दुसऱ्याला शोभेसाठी बसवू नका. त्याला मत द्या, बैठकीला यायचा प्रवासखर्च द्या, आणि पहिल्या बैठकीआधी तासभर बसून हिशेब कसा वाचायचा ते दाखवा. वसतिगृहाची अनामत कधी मागतात, परीक्षेचे फॉर्म कधी निघतात, हे खोलीतल्या इतर कुणालाही ठाऊक नसते.

पायरी 5: अर्ज आणि निवड

तुमचा अर्ज स्वतः भरून पाहा. मोबाइलवर, डेटा कमी असताना, शेजारी कुणी मदतीला नसताना. आमचा जुना अर्ज मी असा भरायला घेतला तेव्हा चाळीस मिनिटे लागली आणि तिसऱ्या पानावर माझे बोट थांबले. रकाना होता: ‘वडिलांचा व्यवसाय व वार्षिक उत्पन्न’, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. त्या वर्षीचे अपुरे राहिलेले अर्ज काढून पाहिले, तर बरेचसे त्याच रकान्यावर थांबलेले. काहींनी तिथे नुसती एक आडवी रेघ मारायचा प्रयत्न केलेला. ज्यांचे वडील नाहीत, घर सोडून गेलेत, किंवा ज्यांच्याबद्दल लिहावेसे वाटत नाही, त्या मुलांना आम्ही एका रकान्याने परत पाठवत होतो, म्हणजे ज्यांच्यासाठी फाउंडेशन काढले त्यांनाच. आता तिथे लिहिले आहे, ‘घरखर्च कोण चालवते?’ इतकेच.

कागदपत्रे दोन टप्प्यांत मागा. पहिल्या टप्प्यात शाळेचे नाव, इयत्ता, थोडक्यात परिस्थिती. उत्पन्नाचा दाखला निवडीच्या जवळ आलेल्यांकडूनच, कारण दाखल्यासाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्या आईची दोन दिवसांची मजुरी बुडते. निबंध मागायचा असेल तर छोटा मागा, आणि मुलाला सोयीच्या भाषेत लिहू द्या.

प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा, एकमेकांचे गुण न पाहता. फरक मोठा आला तर तिसऱ्याने वाचावा. निकष आधी लिहिलेले असावेत आणि अर्जासोबत छापलेले असावेत. अमेरिकेत खासगी फाउंडेशनला व्यक्तींना शिष्यवृत्ती द्यायची तर निवडीची पद्धत वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित असावी लागते आणि ती आधी कर खात्याकडून मंजूर करून घ्यावी लागते. जिथे असा नियम नाही तिथेही तो आहे असे समजून वागावे.

गुणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नव्वद टक्केवाल्या मुलाला इतर दारेही उघडी असतात. घरी काम करून, शिकवणीशिवाय पासष्ट टक्के मिळवणाऱ्या मुलीसाठी बहुधा तुमचे एकच दार असते. गुणांची एक किमान मर्यादा ठेवा, ती पार केल्यावर गुणांचे वजन कमी करा. सगळ्यांना हे पटणार नाही, तरी मंडळात यावर उघड चर्चा होऊन ठराव व्हायला हवा.

मुलाखतीत तीनपेक्षा जास्त माणसे समोर बसवू नका. ‘तुला मदत का करावी?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या गरिबीची वकिली करायला लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. ‘कोणता विषय आवडतो, त्यात अलीकडे काय नवे कळले?’ इथून सुरुवात करा. घरच्या परिस्थितीची पडताळणी कागदांवरून आणि शाळेकडून होऊ शकते.

नाकारलेल्यांनाही उत्तर द्या, ठरलेल्या तारखेला, एका ओळीचे कारण आणि इतर कुठे अर्ज करता येईल ते सांगून. उत्तराची वाट पाहण्यात दुसऱ्या शिष्यवृत्तीची मुदत निघून गेली, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली होती आणि ती खरी होती.

पायरी 6: पैसे त्या तारखेला पोचवा

मंजुरी मिळाली पण रक्कम उशिरा आली, तर मंजुरीचा उपयोग नाही. एका वर्षी आम्ही एका मुलीची पूर्ण फी मंजूर केली. मंडळाची बैठक महिन्याच्या शेवटी होती, धनादेश त्यानंतर निघणार होता. वसतिगृहाची अनामत मात्र प्रवेश मिळाल्यापासून आठ दिवसांत भरायची होती. तिने आम्हाला विचारलेसुद्धा नाही. इतकी मोठी फी देणाऱ्यांकडे आणखी काय मागायचे, असे तिला वाटले. जागा गेली, ती रोज दीडदीड तासाचा प्रवास करत राहिली आणि पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. चूक पूर्ण आमची होती.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. एक, भागातल्या सगळ्या महाविद्यालयांच्या आणि प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशाच्या, फीच्या, अनामतीच्या तारखा एका दिनदर्शिकेत मांडल्या आणि मंडळाच्या बैठका त्यांच्या आधी लावल्या. दुसरी, तातडीच्या मदतीचा फंड केला. त्यातून ठरलेल्या मर्यादेपर्यंतची रक्कम कार्यालयप्रमुख आणि एक विश्वस्त अशा दोन सह्यांवर 48 तासांत देता येते, मंडळाला नंतर कळवायचे. चष्मा फुटला, लॅपटॉप बिघडला, घरात आजारपण आले, अशा लहान धक्क्यांनी शिक्षण सुटते. पायरी 3 मधले राखीव 8 वाटे यासाठीच आहेत.

फी थेट संस्थेच्या खात्यात भरा, राहण्याखाण्याची रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात, ठरलेल्या तारखेला. आणि महाविद्यालयाला आधी विचारून घ्या: तुमची शिष्यवृत्ती आली म्हणून ते स्वतःची सवलत कमी करतात का? काही ठिकाणी करतात. मग तुमचा पैसा मुलाला न मिळता संस्थेच्या तिजोरीत जातो. हा करार लेखी हवा.

पायरी 7: पैशाबरोबर माणूस द्या

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये दोन वर्षांच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांसाठी ‘असॅप’ हा उपक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायची अट, उरलेली फी माफ, प्रवासाचा पास, पुस्तकांसाठी मदत, आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा, वारंवार भेटणारा समुपदेशक. विद्यार्थी सोडत पद्धतीने दोन गटांत विभागून त्याची तपासणी झाली, तेव्हा तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या गटात 22 टक्के होते आणि या गटात 40 टक्के. जवळपास दुप्पट.

तुम्हाला एवढा डोलारा उभारता येणार नाही, पण त्यातले सूत्र घेता येते. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळखीचा माणूस, जो महिन्यातून एकदा स्वतःहून फोन करतो. तोच असावा, दरवर्षी बदलू नये. एकाकडे दहापेक्षा जास्त मुले देऊ नका. त्याला दोनच गोष्टी शिकवा: आधी ऐकायचे, आणि अडचण कळली की त्याच दिवशी कार्यालयाला कळवायचे. सल्ल्यांचा भडिमार करणारा मार्गदर्शक असला की मुले फोन घेईनाशी होतात. निवड झाल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंतचे दोन महिने सर्वांत धोक्याचे. प्रवेश मिळालेली मुले याच काळात गळतात. तेव्हा फोन दर आठवड्याला हवा.

नापास झालेल्या मुलाचे काय, हा प्रश्न दरवर्षी येतो. ‘एक विषय राहिला की शिष्यवृत्ती बंद’ हा नियम शिस्तीचा वाटतो, पण पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला तो बुडवतो. आम्ही असे ठरवले: पहिल्यांदा घसरला तर मदत चालू, सोबत शिकवणी. दुसऱ्यांदा घसरला तर समोरासमोर बसून, अभ्यासक्रम बदलायचा का हे त्याच्याबरोबर ठरवायचे. मदत थांबवायचीच झाली तर एक सत्र आधी लेखी सांगायचे.

पायरी 8: संस्थांना अनुदान देताना

शिकवणी वर्ग, वाचनालये, वसतिगृहे चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनाही मदत करत असाल तर तीन वर्षांचा शब्द द्या, एका वर्षाचा नको. दरवर्षी अनुदान मिळेल की नाही या काळजीत चांगले शिक्षक नोकरी सोडून जातात. आणि पगार, भाडे, वीजबिल यासाठी पैसे द्यायला कचरू नका. फक्त ‘प्रकल्पा’लाच पैसे देणारे दाते इमारतीला रंग देतात आणि आत शिकवणारा उपाशी राहतो. अहवाल चार पानांत मागा, तुम्ही खरोखर वाचणार असाल तेवढाच.

समाजाचा स्वतःचा वाटा असला की काम टिकते, हे अमेरिकी उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या फाउंडेशनने दाखवले. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या साथीने त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास 5,000 शाळा उभारायला मदत केली, पण अट अशी की स्थानिक लोकांनीही पैसे, जमीन किंवा श्रम द्यायचे आणि सरकारी शाळा खात्याने ती शाळा चालवायची. सर्व शाळा मिळून पाहिले तर कृष्णवर्णीय समाजाने जमवलेली रक्कम फाउंडेशनच्या रकमेहून थोडी जास्तच भरली. हे उदाहरण मी काळजीपूर्वक वापरते. जो समाज आधीच कर भरतो, त्याच्याकडून पुन्हा वाटा मागणे म्हणजे दुहेरी ओझे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वाटा पैशातच हवा असा हट्ट नको.

पायरी 9: मोजा, पण नेमके

किती धनादेश दिले हा फाउंडेशनचा निकाल नव्हे. माझ्या मते चार आकडे पुरतात: सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती जण दुसऱ्या वर्षात गेले, मंजुरीपासून पैसे पोचेपर्यंत किती दिवस लागले, आणि पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी ते काय करत आहेत. तिसरा आकडा तुमच्या कार्यालयाचा आहे, मुलांचा नाही, म्हणून तो अहवालात सर्वांत वर छापा. सोडून गेलेल्या प्रत्येकाशी बोला आणि कारण त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. वर्षातून एकदा ही पाने मंडळापुढे मोठ्याने वाचा. आकड्यांवरून जे कळत नाही ते त्या अर्ध्या तासात कळते.

पायरी 10: मुलांची माहिती जपा

धनादेश हातात घेऊन उभे असलेल्या मुलाचा फोटो, खाली ‘गरीब पण जिद्दी’ अशी ओळ, हे बंद करा. तो फोटो दहा वर्षांनी त्याच्या सहकाऱ्यांना सापडतो. भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीच्या कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशा संमतीची अट आहे. पण कायद्यापलीकडे, मुलाला न विचारता त्याची गोष्ट आपण सांगू नये. उत्पन्नाचे दाखले कार्यालयातल्या उघड्या कपाटात पडू देऊ नका. मार्गदर्शक आणि मूल यांच्या भेटी उघड्या जागी, घरच्यांच्या माहितीत व्हाव्यात, आणि तक्रार करायची तर मार्गदर्शकाला वगळून थेट कुणाकडे, हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी कळावे.

पायरी 11: जायची तयारी आल्या दिवसापासून

फाउंडेशन कायम चालावे की ठरावीक काळात सगळा पैसा खर्चून संपावे, हा निर्णय मंडळाने डोळे उघडे ठेवून घ्यावा. आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत फाउंडेशनने सगळा पैसा संपवावा, असे रोझेनवाल्ड यांनी घालून दिले होते. ते 1932 मध्ये वारले आणि फंड 1948 मध्ये बंद झाला. अमेरिकी उद्योजक चक फीनी यांनी 1982 मध्ये उभे केलेले अटलांटिक फिलान्थ्रॉपीज जिवंतपणीच द्यायचे या विचाराने 8 अब्ज डॉलरहून अधिक वाटून 2020 मध्ये मिटले. दोन्ही वाटा योग्य असू शकतात. मिटायचे ठरले तर शेवटची निवड इतकी आधी थांबवा की शेवटचा विद्यार्थी पदवी घेईपर्यंत पैसे आणि सांभाळणारा माणूस दोन्ही उरतील.

तुम्ही स्वतः पद सोडाल तेव्हा तुमच्यानंतर येणाऱ्याला पायरी 1 सारखे खोदत बसावे लागू नये. मी एक साधी वही ठेवते. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर चार रकाने: काय कबूल केले, कुणी केले, आतापर्यंत किती दिले, शेवटचे वर्ष कोणते. तोंडी दिलेले शब्दही त्यात, त्याच दिवशी, तारखेसह. सध्या त्यात एकतीस नावे आहेत आणि सर्वांत लांबचे शेवटचे वर्ष चार वर्षांनंतरचे आहे. माझी मुदत त्याआधी संपते. ज्या दिवशी मी किल्ल्या देईन, त्या दिवशी आम्ही दोघे ती वही पानापानाने वाचू आणि प्रत्येक नावापुढे नव्या प्रमुखाची सही घेऊन मगच मी उठेन.